टोपी सापडेपर्यंत

आमच्या बंगल्याच्या पुढच्या दाराची कडी गुडघ्याच्या उंचीवर होती. दार उघडायला मला वाकलेली बघून नवा पोस्टमन हसायचा. दूधवाल्याने तर एकदा विचारलंच, "बाई, सुतार लय बुटका व्हता का?" सुतार चांगला ताडमाड होता. कडी तिथे बसवायची अक्कल माझी. माणसाचं डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत. दार उघडायचं म्हटलं की हात आपोआप वर जातो आणि कडी चाचपतो. ती तिथे नसली की म्हातारं माणूस थोडा वेळ खटपट करतं, कंटाळतं आणि मागे फिरतं. खाली वाकून बघावं हे त्याला सुचत नाही. त्या एका कडीने किती जणांना रुळांवर जाण्यापासून आणि कड्यावरून पडण्यापासून वाचवलं ते मला सांगता यायचं नाही. जो एक वाचला नाही तो मात्र रोज आठवतो. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून कागद पुढ्यात घेतला, पण आधी आमचं काम काय होतं ते सांगायला हवं.

लोणावळ्याला तुंगार्लीच्या बाजूला एका डॉक्टरीणबाईंचा बंगला होता. हवा चांगली म्हणून लोक तेव्हा छातीच्या रोग्यांना इकडे आणून ठेवत. बाईंनी मात्र म्हातारी माणसं ठेवून घेतली, तीही ज्यांची आठवण गेली आहे आणि जी घराबाहेर पडून हरवतात अशी. एका वेळी सात-आठ जण असत, बहुतेक मुंबई-पुण्याकडची. आता माझी नात या दुखण्याला डिमेन्शिया म्हणते आणि मोबाइलवर वाचून मला त्याची लक्षणं सांगते. मी ऐकून घेते. आमच्या वेळी लोक ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे व्हायचे, नाहीतर म्हातारा वेडा झाला म्हणून खोलीत कोंडायचे. चांगल्या खात्यापित्या घरात आजोबांना पलंगाला बांधून ठेवलेलं बाईंनी एकदा पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांनी हा उद्योग मांडला.

मी मळवलीजवळच्या भाज्याची, लेण्यांच्या गावची. लग्न होऊन लोणावळ्याला आले. यजमान रेल्वेच्या गँगमध्ये, म्हणजे रूळ दुरुस्त ठेवणाऱ्या टोळीत. शिक्षण सातवी पास. पन्नास साल उलटून चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा बाईंना माणूस हवंय असं कळलं म्हणून गेले. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, मागचं काम विचारलं नाही. "चालायचा कंटाळा नाही ना?" एवढंच विचारलं. मला वाटलं, बंगल्यापासून बाजारापर्यंत चालायचं असेल. पुढची वीस-बावीस वर्षं मी दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल.

म्हातारी माणसं भटकतात असं म्हणतात. मला तो शब्द कधी पटला नाही. भटकतं ते कुत्रं. माणूस कुठेतरी निघालेलं असतं. कोणाला कचेरी गाठायची असते, कोणाला पोराला शाळेतून आणायचं असतं. ते पोर स्वतःच आजोबा झालेलं असतं ही गोष्ट वेगळी. नवं माणूस आलं की पहिले काही दिवस मी फक्त एवढंच शोधायची, की याला जायचंय कुठे. ते कळलं की निम्मं काम झालं. बाईंनी बजावलं होतं, "सुशीला, ‘नाही’ म्हणायचं नाही. नाही म्हटलंस की तो तुझा वैरी." म्हणून मी म्हणायची, "चला, मीपण तिकडेच निघालेय." तलावापर्यंत चालायचं, दुसऱ्या वाटेने वळायचं आणि बंगल्याचं फाटक दिसलं की म्हणायचं, "आलं बघा तुमचं ठिकाण." दहातले आठ जण खूश होऊन आत यायचे. उरलेल्या दोघांसाठी तलावाला आणखी एक चक्कर मारायची.

अण्णा म्हणून एक होते. मुंबईला एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. रोज सकाळी कोट चढवून स्टेशनकडे निघायचे, कारण साहेब वाट बघतोय. अण्णांची चाल अशी की मला पळावं लागायचं. महिनाभर नाकी नऊ आले. एके दिवशी त्यांची काळी टोपी धुवायला टाकली होती आणि वाळली नव्हती. अण्णा कोट घालून दाराशी आले, डोक्याला हात लावला आणि थांबले. पलंगाखाली बघितलं, उशीखाली बघितलं, माझ्या अंगावर खेकसले. टोपी सापडेपर्यंत जेवायची वेळ झाली, आणि जेवल्यावर कचेरी विसरले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं.

आजच्या मुलांना यात काय विशेष ते कळायचं नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतला पुरुष बोडक्या डोक्याने उंबरा ओलांडत नसे. डोकं बोडकं, पाय अनवाणी आणि खांद्यावर पंचा, म्हणजे कोणाची तरी मौत झालीय आणि माणूस मातीला निघालाय, हे शेंबड्या पोरालाही समजायचं. अण्णांना बायकोचं नाव आठवत नव्हतं, पण हे आठवत होतं. मग मी रोज संध्याकाळी टोप्या गोळा करून माझ्या ट्रंकेत ठेवायला लागले. सकाळी चहापाणी उरकून माझे हात मोकळे झाले की ज्याची त्याला द्यायची. "सापडली बघा, न्हाणीत राहिली होती." बाईंना ही युक्ती इतकी आवडली की आल्या-गेल्या डॉक्टरांना त्या ती सांगत. मीही तेव्हा जरा ताठ मानेने चालायची, खोटं कशाला सांगू.

बायकांना टोपी नसते, पण त्यांचीही एक खोड मला सापडली. बहुतेकींना माहेरी जायचं असायचं. मी म्हणायची, "जा की, पण लेक अशी रित्या ओटीने जाते का? ओटी भरते, तांदूळ तेवढे निवडून द्या." सुपात तांदूळ घेऊन बाई बसायची. हात निवडत राहायचे आणि हळूहळू माहेर मागे पडायचं. तोच तांदूळ मी दिवसचे दिवस निवडायला दिलाय.

तरी कोणीतरी निसटायचंच. त्यासाठी मी सगळीकडे माणसं पेरून ठेवली होती. यजमानांच्या टोळीतले लोक रुळांवर नजर ठेवायचे. बाजारातला चिक्कीवाला होता, मळवली स्टेशनच्या रेल्वे फाटकावरचा माणूस होता आणि भाज्याला माझा थोरला भाऊ, नामादादा, होता. एक अडचण मात्र होती. बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, अपशकुन होतो, ही आपली रीत. सगळे तोंड शिवून बघत राहायचे आणि म्हातारं पुढे निघून जायचं. मी सगळ्यांना शिकवलं, "कुठे विचारू नका, ‘लांब का?’ म्हणून विचारा. माणूस आपणहून सांगतं." आणि प्रत्येकाची एकेक खूण सांगून ठेवायची. अण्णा म्हणजे काळा कोट. कोणी लंगडतं, कोणाची छत्री मोडकी. म्हातारं सापडलं की चहा पाजून बसवून ठेवायचं आणि निरोप धाडायचा. असे कितीतरी जण परत आले.

सत्तर सालच्या पुढेमागे पवनेचं धरण झालं आणि डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली गावं उठली. त्यातल्याच एका गावचा गणपत आमच्याकडे माळीकामाला आला. बंगल्याच्या मागे दोन खोल्या होत्या, तिथे तो, त्याची बायको आणि म्हातारे वडील राहायला लागले. वडिलांना सगळे आबा म्हणायचे. उंच, काटक, डोक्याला पांढरा फेटा. आले तेव्हा जरा विसराळू होते, एवढंच. पण झाड उपटून दुसरीकडे लावलं तर कोवळं जगतं, जुनं धरत नाही. वर्षभरात आबांना दिवस-रात्र कळेनाशी झाली. उजाडलं की म्हणायचे, "गुरं सोडायची हायती. मला घरला गेलं पायजे."

बाई म्हणाल्या, "सुशीला, आबांनाही आपल्यातच धर." मी धरलं. पैसेवाल्यांची म्हातारी सांभाळायची आणि आपल्याच माणसाचा बाप सोडून द्यायचा, हे बाईंच्याने झालं नसतं. खरं सांगायचं तर आबा मला सगळ्यांत जवळचे वाटायचे. ते बोलायला लागले की मला भाज्याचं ओसरीवरचं बोलणं ऐकल्यासारखं व्हायचं. नातवाचं नाव त्यांना सांगता येत नव्हतं, पण फेटा बांधायला बसले की बघत राहावं. एक टोक दातात धरायचे, डोळे मिटायचे आणि पीळ देत देत असा बांधायचे की दिवसभर एक घडी हलायची नाही. बांधून झाला की मला विचारायचे, "बाय, बरा बसलाय न्हवं?"

मागच्या खोल्यांना खालची कडी नव्हती. पहाटे गणपत बागेला पाणी द्यायला जायचा, बायको चुलीशी असायची. आबा उठून निघायचे ते त्याच वेळी. दोनदा पार मळवलीपर्यंत गेले. दोन्ही वेळा फाटकावरच्या माणसाने फेट्यावरून ओळखलं आणि बसवून ठेवलं. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक, सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगून ठेवलं, "उंच म्हातारा, पांढरा फेटा. दिसला की सोडू नका." भाज्याला जाऊन नामादादालाही सांगितलं, कारण आबांच्या गावची जुनी पायवाट भाज्यावरूनच वर खिंडीत चढते आणि पलीकडे पवनेच्या खोऱ्यात उतरते. आणि दुसरी गोष्ट, आबा निजले की त्यांचा फेटा माझ्या ट्रंकेत जाऊ लागला.

दोन्ही उपाय मीच केले आणि दोन्ही एकत्र ठेवून कधी बघितले नाहीत. मीच कशाला, बाईंनी नाही, गणपतनेही नाही. इतके दिवस टोपीने काम केलं होतं, फेट्यानेही केलं. रोज सकाळी आबा फेटा शोधत बसायचे. मी गेले की म्हणायची, "सापडला आबा, दांडीवर होता." ते म्हणायचे, "माज्या ध्यानातच न्हाई बग." मग तो बांधेपर्यंत आम्ही दोघं उन्हात बसायचो. माझ्या दिवसातला तो सगळ्यांत चांगला वेळ असायचा.

आबा एक गोष्ट सारखी मागायचे. "मला येकदा घरला ने." मी म्हणायची, "उद्या जाऊ." उद्या म्हटलं की ते समाधानाने मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. बाईंची गाडी होती, कामशेतवरून धरणाजवळच्या पवनानगरला रस्ता होता. एकदा मी गणपतला म्हटलं, नेऊन आणू या का. तो म्हणाला, "न्हेऊन काय दावायचं बाई? पानी?" मला ते पटलं. पाणी बघून म्हातारा हाय खाईल, असं बाईंनाही वाटलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाची जोती उघडी पडतात हे गणपतला ठाऊक होतं. पण तो ते बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

धरण भरल्यानंतरचा तिसरा की चौथा उन्हाळा होता. वैशाखातलं ऊन. त्या दिवशी मुंबईहून एका आजीबाईंचे मुलगे-सुना येणार होते. ही मंडळी वर्षातून एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन यायची, आणि आईने आपल्याला ओळखलं नाही की आमच्याकडे असं बघायची जणू आम्हीच ओळख चोरून ठेवलीय. पहाटेपासून मी आजींना न्हाऊ घालणं, लुगडं नेसवणं यात होते. पाहुणे आले, चहा झाला, रडारड झाली. आबांना फेटा द्यायला मला रोजच्यापेक्षा बराच उशीर झाला. तो घेऊन मागे गेले तर खोली रिकामी. गणपतची बायको म्हणाली, "बागंत आसतील की." गणपत बागेतून म्हणाला, "घरात न्हाईत?"

पहिल्यांदा मला फारशी भीती वाटली नाही. माझी माणसं होती ना सगळीकडे. गणपत आणि मी बाजारात गेलो. चिक्कीवाला म्हणाला, "फेटेवाले बाबा? नाही ताई, आज इकडे फिरकले नाहीत." यजमानांच्या टोळीला विचारलं, कोणी पाहिलं नव्हतं. गाडी पकडून मळवलीला उतरलो. फाटकावरचा माणूस छातीठोकपणे म्हणाला, "सकाळधरनं हितंच हाय मी. फेटेवाले लय गेले, पन तुमचं आबा न्हाईत." मला हायसं वाटलं. म्हणजे आबा या बाजूला आलेच नाहीत, लोणावळ्यातच कुठेतरी बसले असतील. आम्ही परत फिरणारच होतो. भाजं जवळच, म्हणून सहज दादाला विचारून जाऊ म्हटलं.

दादा ओसरीवर बसला होता. माझा प्रश्न ऐकून मान हलवली. "फेटेवालं कुनी न्हाई आलं." मग म्हणाला, "येक म्हातारं मातर गेलं सकाळी वरल्या वाटंनं. बोडकं, अनवानी. खांद्यावर पंचा."

"उंच होतं?"

"व्हय, उंच. मातीला निघाल्यालं मानूस, त्येला कसं आडवायचं? मी हात जोडलं आन् बाजूला झालो."

माझ्या हातातल्या पिशवीत फेटा होता. आबा सापडल्यावर द्यायचा म्हणून घेतला होता. मला तेव्हा कळलं की काय झालंय. मळवलीच्या फाटकावरूनही आबा गेले होते, चिक्कीवाल्यासमोरूनही गेले असतील. सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून फेटा शोधला होता, आणि बोडक्या माणसाला मान खाली घालून वाट दिली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दादा माझ्या तोंडाकडे बघून उठला, पाण्याची कळशी खांद्यावर घेतली आणि आमच्या पुढे चालायला लागला.

खिंडीतली ती चढण मी लहानपणी करवंदांसाठी कितीदा चढले होते. त्या दिवशी संपेना. झाडं निष्पर्ण, दगड इतके तापलेले की बूड टेकवत नव्हतं. या उन्हातून ते माणूस उघड्या डोक्याने गेलं होतं. खिंड ओलांडून खाली बघितलं तर पाणी फार मागे सरलं होतं. चिखल वाळून भेगाळला होता, आणि त्यात ओळीने घरांची जोती दिसत होती. एका आंब्याचं नुसतं खोड उभं होतं. गणपत तिकडे बघून म्हणाला, "आमचं त्येच्या पल्याड." आणि धावत सुटला.

आबा आपल्या घराच्या जोत्यावर बसले होते. मांडी घालून, जिथे एके काळी ओटा असेल तिथेच, पाहुण्याची वाट बघत बसावं तसे. चेहरा तांबडालाल, ओठ फुटलेले. मला बघून म्हणाले, "या, बसा."

मी बसले. कपाळाला हात लावला तर चटका बसला. दादाने कळशीतलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. दोन घोट घेतले आणि पुढचं गळून गेलं.

गणपत म्हणाला, "आबा, हितं कशापायी आलासा?"

"डोक्याला काय न्हाई," आबा म्हणाले. डोक्यावरून हात फिरवून दाखवला. "सकाळी उठलो तर डोकं बोडकं. म्हंजी कुनीतरी गेलं. कोन गेलं त्ये ध्यानात येईना. तितं कुनाला इचारायचं, समदी परकी. म्हून घरला आलो." मग आवाज उतरवून माझ्याकडे वळले. "बाय, कोन गेलं गं?"

मी आयुष्यभर अशा प्रश्नांना उत्तरं दिली होती. साहेब रजेवर गेलाय, माहेरचा टांगा येतोच आहे, गुरं पाण्यावर गेलीत. तोंडातून उत्तर निघायला मला कधी वेळ लागला नव्हता. त्या वेळी मी नुसता पिशवीतून फेटा काढला. रोज फेटा शोधत बसायचे, रोज तो सापडायचा, म्हणून रोज कोणी मेलेलं नसायचं. त्या दिवशी सापडला नाही, आणि त्यांनी त्याचा जो अर्थ कोणीही शहाण्या माणसाने लावला असता तोच लावला.

गणपतनेच उत्तर दिलं. "कुनी न्हाई गेलं आबा. समदी हायती." त्याने माझ्या हातातून फेटा घेतला, कळशीत बुडवला आणि ओलाच बापाच्या डोक्याला बांधला. त्याला तो काही आबांसारखा जमेना. आबांनी हात वर नेऊन चाचपला आणि म्हणाले, "सैल बांधलास." तेवढंच नीट बोलणं. नंतर ते बडबडत राहिले ते आम्हाला कळलं नाही.

वरच्या ठाकरवाडीतल्या माणसांनी बाज दिली आणि खांदेपालट करत रस्त्यापर्यंत आणून पोचवलं. तिथून जीपने लोणावळा. बाई दोन दिवस त्यांच्या उशाशी होत्या. ऊन लागलं होतं, ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, फेटा शोधायच्या वेळेला, आबा गेले.

अंत्ययात्रेची तयारी झाली तेव्हा गणपतने फेटा आबांच्या उशाशी ठेवला. मी बाजूला उभी होते. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बाई, तुमी रोज लय नीट घडी घालून ठिवायच्या." आणि बोडक्या डोक्याने पुढे झाला.

दादाचं वेगळंच झालं. तो त्यानंतर रस्त्यात कोणीही बोडकं दिसलं की पुढे होऊन विचारायचा, "कुटं निघालासा?" सरळ ‘कुटं’. खऱ्या मातीला निघालेल्या लोकांनी त्याला काय काय ऐकवलं. म्हातारपणी लोक त्याला अपशकुनी म्हणायला लागले. त्याने सोडलं नाही.

मी टोप्या लपवायचं बंद केलं. बाईंनी का म्हणून विचारलं नाही. उलट मीच सकाळी सकाळी ज्याच्या त्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची आणि बरोबर चालायला लागायची. त्यात चालणं वाढलं, माझे गुडघे गेले, पण कोणी बोडकं गेलं नाही. पुढे बाई थकल्या, बंगला विकला गेला. आता तिथे कोणाचं तरी हॉटेल आहे म्हणतात. कडी ठेवली नसणार.

नेलं असतं एकदा, असं अजून वाटतं. गाडीत बसवून, फेटा बांधून, सावलीला छत्री धरून. जोत्यावर बसले असते घटकाभर. कदाचित रोज जायला लागले असते आणि माझा जीव नकोसा केला असता. पण गेले असते ते फेटा बांधून, बोलावल्यासारखे. हे एवढं साधं होतं आणि आम्हा तिघांपैकी एकालाही ते करावंसं वाटलं नाही.

हे आताच का लिहायला घेतलं, ते सांगते. मी आता मुलाकडे असते. सून चांगली आहे, नोकरी करून माझं सगळं बघते. गेल्या आठवड्यात सकाळी मला बाहेर जायचं होतं. कुठे ते आता आठवत नाही, पण निघाले होते. दाराशी आले तर चपला नाहीत. कपाटाखाली बघितलं, मोरीत बघितलं. सून म्हणाली, "इथेच असतील आई, कुठे जातील? आधी चहा घ्या." तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता. मी अनवाणी उभी होते आणि माझ्या मनात सरळ आलं, चपला नाहीत, म्हणजे कोण गेलं?

मी तिला रागावले नाही. तिने जे केलं ते मीच तिला कधीतरी कौतुकाने सांगितलं असणार. तिला बसवून घेतलं आणि म्हटलं, "हे बघ, सुताराला बोलाव आणि दाराची कडी खाली बसवून घे, गुडघ्याच्या उंचीवर. मला सापडायची नाही. पण चपला दारात ठेव."